पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेताय? ८×४२, १०×४२ या आकड्यांचा अर्थ आधी समजून घ्या

दुर्बिणीच्या दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "यातून किती लांबचं दिसतं?" खरं तर या प्रश्नाला उत्तरच नाही. नुसत्या डोळ्यांनीही आपल्याला सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र दिसतो. पक्षी पाहताना अडचण वेगळी असते. समोरच्या झाडाच्या शेंड्यावरचा हिरवा ठिपका राघू आहे की तांबट, हे तो उडून जायच्या आत आपल्याला कळायला हवं असतं. त्यासाठी दुर्बीण पटकन डोळ्यांना लागली पाहिजे, चित्र उजळ दिसलं पाहिजे आणि ते हललं नाही पाहिजे.

"जितकी पट जास्त, तितकी दुर्बीण चांगली" या समजुतीने खरेदी केली की हातात येते ती जड, अंधूक आणि थरथरणारं चित्र दाखवणारी वस्तू. दोन-चार रविवार मान दुखवून घेतल्यावर ती कपाटात जाते आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर पक्षी पाहण्याचा छंदही. म्हणून पैसे मोजण्याआधी दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिकलेलं बरं.

८×४२ म्हणजे काय?

प्रत्येक दुर्बिणीवर ८×३२, ८×४२, १०×४२, १०×५० अशी एक जोडी छापलेली असते. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार. आठ पटीच्या दुर्बिणीतून ४० मीटरवरचा बुलबुल ५ मीटरवर बसल्यासारखा दिसतो, दहा पटीतून तोच ४ मीटरवर असल्यासारखा. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे भिंग जितकं मोठं, तितका जास्त उजेड दुर्बिणीत शिरतो. पण भिंगाबरोबर वजनही वाढतं. ८×३२ ची दुर्बीण साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास, ८×४२ ची ६०० ते ८०० ग्रॅम आणि १०×५० ची किलोच्या जवळ जाते. तीन तास गळ्यात अडकवून चढण चढायची असेल, तर हा फरक मानेला जाणवतो.

मग सरळ दहा किंवा वीस पट का घेऊ नये?

कारण दुर्बीण फक्त पक्षी मोठा करत नाही, हाताची थरथरही तितकीच मोठी करते. आठ पटीत चित्र बहुतेकांना स्थिर धरता येतं. दहा पटीत जरा सराव लागतो. बारा पटीच्या पुढे हातात धरून पिसांवरचे बारकावे पाहणं कठीण होतं आणि वीस पटीला तर तिवईच लागते.

दुसरी किंमत मोजावी लागते ती दृष्टिक्षेत्राची, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी केवढा भाग दिसतो त्याची. ही माहिती दुर्बिणीवर किंवा खोक्यावर '१००० मीटरवर १३० मीटर' अशी किंवा अंशांमध्ये दिलेली असते. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत हा आकडा साधारण १२५ ते १४० मीटर असतो, दहा पटीत १०५ ते ११५. फरक लहान वाटतो, पण १३० आणि ११० या आकड्यांची वर्तुळं काढून पाहिली तर पहिल्यात जवळपास ४० टक्के जास्त क्षेत्रफळ बसतं. पानांआड उड्या मारणारा शिंजीर या जास्तीच्या भागात सापडतो.

तिसरी गोष्ट फोकसची. कमी पटीत पुढची-मागची फांदी बऱ्यापैकी एकाच फोकसमध्ये राहते. पट वाढली की पक्षी एका फांदीवरून दुसरीवर गेला तरी चाक फिरवावं लागतं. म्हणूनच पहिली दुर्बीण घेणाऱ्यांना जाणकार सहसा आठ पटीचीच सुचवतात.

सकाळच्या अंधूक उजेडाचं गणित

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ मध्ये ती सुमारे ५.३ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये अवघी २.५.

आता हे आपल्या डोळ्यांच्या बाहुलीशी ताडून पाहा. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसते. त्यामुळे दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून पाहिलं तर १०×२५ आणि ८×४२ सारख्याच उजळ वाटतात. पण पहाटे किंवा दाट झाडीत बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते. अशा वेळी अडीच मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो आणि चित्र काळपट दिसतं. पक्ष्यांची सर्वाधिक लगबग सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत असते, त्यामुळे याच वेळी दुर्बिणीची खरी परीक्षा होते. वयानुसार बाहुलीचं उघडणंही कमी होतं. साठीतल्या माणसाला सात मिलिमीटरच्या झोताचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी जड दुर्बीण वागवायचीही गरज नाही.

तुम्ही बहुतेक वेळा कुठे जाता?

झाडी, बाग, टेकडी: घरामागची बाग, पुण्याची वेताळ टेकडी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा पनवेलजवळचं कर्नाळा अशा ठिकाणी पक्षी जवळ असतात, पण क्षणभरही स्थिर नसतात. उजेड कमी असतो. नाचण, स्वर्गीय नर्तक, शिंपी पाहायला ८×४२ उत्तम. वजन खटकत असेल तर ८×३२.

पाणथळ जागा: भिगवणजवळचं उजनीचं पाणलोट, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर किंवा ठाण्याची खाडी इथे पक्षी उघड्यावर पण लांब असतात. काठावरून चिखल्या आणि तुतवार यांच्यातला फरक ओळखायला दहा पट कामाला येते. मात्र याच जागी नावेतून फिरणार असाल तर हिशेब उलटतो. नाव हलते, चित्र नाचतं आणि आठ पटच बरी वाटते. गोव्यात चोडण बेटावरच्या सालिम अली अभयारण्यात खारफुटीतून नावेने जाताना हेच लक्षात ठेवावं. दोनशे मीटरच्या पुढच्या लहान पाणपक्ष्यांसाठी दहा पटही पुरत नाही. तिथे तिवईवरचा २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप लागतो. तो गटात एकाकडे असला तरी सगळ्यांचं भागतं.

माळरान: बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा सासवड-जेजुरीकडचे माळ इथे चंडोल, गप्पीदास आणि आकाशात घिरट्या घालणारे शिकारी पक्षी दिसतात. दहा पट इथेही शोभते. पण ऊन तापलं की जमिनीवरची हवा लहरू लागते आणि दुर्बीण त्या लहरीही मोठ्या करते. चित्र धूसर दिसलं तर दोष काचेचा असेलच असं नाही. अशा वेळी महागडी दुर्बीणही हतबल होते, त्यामुळे माळावर सकाळी लवकरच जावं.

सगळीकडे थोडं थोडं फिरायचं असेल आणि एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर ८×४२ हे सर्वांत सुरक्षित उत्तर आहे.

बाहेरचा आकार, आतली काच

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगातून येणारी प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करण्यासाठी आत लोलक, म्हणजे प्रिझम बसवलेले असतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे १८९४ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीने या पद्धतीच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब आणि मागची जवळ, असा खांदे असलेला जुना आकार म्हणजे पोरो. दोन सरळ नळ्यांसारखी दिसणारी ती रूफ प्रिझमची.

कमी किमतीत पोरोचं चित्र बहुधा सरस असतं, कारण तिची रचना सोपी असते. पण ती रुंद असते आणि फोकस करताना तिच्या मागच्या नळ्या पुढेमागे सरकत असल्याने त्या फटींतून धूळ आणि दमट हवा आत जाऊ शकते. रूफ प्रिझमची दुर्बीण आटोपशीर असते आणि ती पाणीरोधक करणं सोपं जातं. मात्र तिच्या प्रिझमवर 'फेज कोटिंग' नसेल तर चित्राची धार कमी पडते. खोक्यावर हा शब्द शोधावा.

भिंगांवरचा लेपही महत्त्वाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच हरवतो. त्यामुळे 'फुली मल्टी-कोटेड' हे शब्द असलेलीच दुर्बीण घ्यावी. चांगल्या लेपाची झाक फिकट हिरवी किंवा जांभळी दिसते. लालभडक आरशासारखी चमकणारी भिंगं आकर्षक वाटतात, पण ती लाल उजेड परत पाठवतात आणि पक्ष्यांचे रंग बिघडवतात. 'ईडी' काच असेल तर आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या बगळ्याभोवती दिसणारी जांभळी कड कमी होते. ही सोय चांगली आहे, पण पहिल्या दुर्बिणीत नसली तरी चालते.

किमतींचा अंदाज ढोबळच देता येतो. नामांकित कंपनीची ८×४० किंवा ८×४२ ची पोरो दुर्बीण दहा हजारांच्या आत मिळू शकते. त्याच्या वर, वीस हजारांपर्यंत पाणीरोधक रूफ प्रिझमचे पर्याय सुरू होतात. नामवंत युरोपीय कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या दुर्बिणी लाखाच्या पुढे जातात. दोन हजारांची आणि दहा हजारांची यांतला फरक कुणालाही कळतो. त्यापुढे मात्र दुप्पट पैसे मोजून चित्र दुप्पट चांगलं होत नाही.

'६०×६०' खरी की खोटी?

ऑनलाइन बाजारात तळहातावर मावणाऱ्या दुर्बिणींवर ३०×६०, ६०×६० असे आकडे दिसतात. ते तपासायला शाळेतली मोजपट्टी पुरते. आधी पुढच्या भिंगाचा व्यास मोजा. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा, सूर्याच्या विरुद्ध दिशेला. मागच्या भिंगात एक तेजस्वी गोल ठिपका दिसेल. मागच्या भिंगाजवळ पट्टी धरून त्याचा व्यास मोजा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला या ठिपक्याच्या व्यासाने भागलं की खरी पट कळते. समजा खोक्यावर ३०×६० आहे, पण भिंग भरलं २८ मिलिमीटर आणि ठिपका ३.५. म्हणजे ती दुर्बीण प्रत्यक्षात आठ पटीची आहे आणि ६० हा आकडा नुसता शोभेचा आहे. मोजमाप थोडं मागेपुढे होईल, पण तीस आणि आठ यांतला फरक लपत नाही.

८-२४ असे आकडे असलेल्या झूम दुर्बिणीही पक्ष्यांसाठी टाळाव्यात. त्यांचं दृष्टिक्षेत्र अरुंद असतं आणि पट वाढवली की चित्र झाकोळतं.

दुकानात दहा मिनिटं काय पाहावं?

चष्मा असेल तर तो लावूनच दुर्बीण तपासा. डोळा मागच्या भिंगापासून किती अंतरावर असताना पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा असणाऱ्यांना ते किमान १५ मिलिमीटर हवं, १७-१८ असेल तर उत्तम. मागचे रबरी कप चष्मा असेल तर खाली फिरवून आणि नसेल तर वर काढून पाहावं. हे न केल्यामुळे कडेला काळ्या सावल्या दिसतात आणि लोक चांगल्या दुर्बिणीला नावं ठेवतात.

मग दूरच्या पाटीकडे पाच मिनिटं सलग पाहा. अक्षरं दुहेरी दिसत असतील किंवा डोळ्यांवर ताण येत असेल, तर दोन नळ्यांची दिशा जुळलेली नाही. अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, ती डोकं दुखवते. सर्वांत जवळचा फोकसही पाहा. दोन-तीन मीटरवरचं स्पष्ट दिसत असेल तर हीच दुर्बीण फुलपाखरांनाही चालते. मुलांसाठी घेत असाल तर दोन्ही नळ्या त्यांच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का, हे मुलाला सोबत नेऊनच ठरवावं.

घरी आणल्यावर आधी डोळ्यांशी जुळवा

बहुतेकांच्या दोन डोळ्यांची नजर सारखी नसते. त्यासाठी दुर्बिणीवर, बहुधा उजव्या नळीवर, डायॉप्टरचं चाक असतं. आधी नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेल असं करा. मग उजवं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, डायॉप्टर फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करा. डायॉप्टरची खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी दुर्बीण हाताळली तर खूण पुन्हा जागेवर आणायची.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही, तेव्हा

नवख्यांची नेहमीची तक्रार हीच. पक्षी दिसतो, मान खाली घालून दुर्बीण उचलली जाते आणि वर पाहावं तर नुसती पानं. उपाय सोपा आहे. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. डोकं जागेवर ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. घराच्या गच्चीवरून तारेवरच्या वेड्या राघूवर पंधरा मिनिटं हा सराव केला, तर आठवडाभरात हात वळतो.

दाट झाडात आधी एखादी खूण पकडा: वाळकी फांदी, बेचका, पिवळं पान. दुर्बिणीतून आधी ती खूण शोधा आणि तिथून पक्ष्याकडे सरका. सोबतच्याला दाखवताना "तो बघ, तिकडे" असं न म्हणता झाडाला घड्याळ समजून "दोनच्या काट्यावर, खोडापासून दोन हात" असं सांगा. चित्र हलत असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, झाडाला पाठ लावा किंवा खाली बसून गुडघ्यांवर हात ठेवा. तळ्यावर गेल्यावर फोकस आधीच पाण्याच्या पल्ल्यावर लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये, मावळतीच्या सूर्याकडेही नाही. घिरट्या घालणाऱ्या घारीचा माग काढताना सूर्य चौकटीत येऊ शकतो. भिंगातून एकवटलेल्या उजेडाने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते. मुलांच्या हाती दुर्बीण देताना हे पहिलं सांगावं.

पावसाळा, बुरशी आणि सदऱ्याचं टोक

आपल्याकडे दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर बंद कपाटातल्या भिंगांवर बुरशीची जाळी धरते आणि ती काचेवरचा लेप खाऊ शकते. नायट्रोजन भरलेली पाणीरोधक दुर्बीण असेल तर आतून वाफ धरत नाही. 'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिला फक्त शिंतोड्यांपुरता. भिजलेली दुर्बीण तिच्या पिशवीत तशीच ठेवू नका. पुसून, पंख्याखाली वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे दुर्बीण वापरत राहणं.

भिंग पुसताना सदऱ्याचं टोक किंवा ओढणी वापरू नये. कापडात अडकलेला धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मगच मायक्रोफायबरच्या कापडाने हलकेच पुसा.

अंतर राखण्यासाठीच दुर्बीण

दुर्बिणीचा फायदा फक्त आपल्यालाच होतो असं नाही. पक्षी स्पष्ट दिसला की त्याच्या जवळ जायची गरज उरत नाही. हिमालय ओलांडून उजनीवर उतरलेल्या पट्टकादंबांचा थवा माणसं जवळ गेल्यामुळे पुन्हा पुन्हा उडाला, तर त्यांचा चरण्याचा वेळ आणि शक्ती दोन्ही वाया जातात. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. आपण जवळ घुटमळलो की ती उठते आणि अंडी उन्हात पडतात. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला किंवा ओरडू लागला, तर आपण जास्त जवळ आलो आहोत असं समजावं आणि चार पावलं मागे घ्यावीत.

माणसांच्या बाबतीतही तेच. सोसायटीच्या गच्चीवरून पक्षी पाहताना दुर्बीण शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे वळणार नाही याची काळजी घ्यावी. लष्करी हद्द किंवा विमानतळ यांच्या आसपास ती बाहेरच काढू नये, नाहीतर सकाळ पोलीस चौकीत खुलासे देण्यात जाईल.

आणि अजून दुर्बीण घेतलीच नसेल, तर एक काम आधी करा. शहरातल्या एखाद्या पक्षीमित्र गटाबरोबर एका रविवारी सकाळी जा. बहुतेक जण आपली दुर्बीण पाच मिनिटं आनंदाने हातात देतात. आठ पटीची आणि दहा पटीची, पोरो आणि रूफ, एकाच पक्ष्यावर एकाच उजेडात लावून पाहा. दुकानात तासभर घालवूनही न कळणारी गोष्ट तिथे दोन तांबट पाहीपर्यंत कळते.